मायनिंग पट्टा आणि किल्ले, ७ मीटरची कॅराव्हॅन, ६ रात्री: गाडी कुठं न्यावी, कुठं नेऊ नये?

म्हापशाची_वाट

नमस्कार मंडळी. जानेवारीत गोव्यातच सहा रात्रींचा बेत आहे. माणसं चार, त्यात सासू-सासरे सत्तरीच्या आसपासचे, सासूबाईंचे गुडघे दुखरे. गाडी ट्रॅव्हलरवर बांधलेली, लांबी ७ मीटर, छतावरच्या एसीसकट उंची २.९ मीटर, पाण्याची टाकी ९० लिटर, बॅटरी १२ व्होल्ट २०० अँपिअर-तास लिथियम, सोलर ३०० वॅट. समुद्रकिनारे नकोत, ते रोजचेच आहेत. तेरेखोल आणि हळर्णचे किल्ले, डिचोली-साखळीचा खाणपट्टा, सावर्डे-रिवण आणि शेवटी काब द रामचा किल्ला असा विचार आहे. घाई नाही, दिवसाला ४०-५० किलोमीटर पुरे. एवढी मोठी गाडी या रस्त्यांवर नेमकी कुठं अडते? आणि रात्रीची कुठं उभी करायची?

लाल_टिपर

ताई, आधी एक गैरसमज काढून टाका. लोकांना वाटतं किनाऱ्याकडं सोय आणि खाणींकडं हाल. मोठ्या गाडीला नेमकं उलटं आहे. डिचोली, साखळी, पाळी, होंडा, उसगाव इथले रस्ते खनिज वाहणाऱ्या टिपर-ट्रकांनी वापरून रुंद झालेत, वळणांना जागा आहे, वरच्या तारा उंच आहेत. अडचण किल्ल्यांच्या वाटेवर येते: दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती, वर फणसाची फांदी, कडेला झाकण नसलेलं गटार.

तेव्हा सहा रात्रींसाठी सहा मुक्काम नकोत, चार तळ करा. पहिल्या दोन रात्री पेडण्याच्या बाजूला, पुढच्या दोन साखळीजवळ, पाचवी सावर्डे-कुडचड्याला, सहावी खोल-आगोंदच्या बाजूला. गाडी तळावर उभी राहील आणि अरुंद जागी रिक्षा नाहीतर भाड्याची छोटी गाडी न्या. सासूबाईंनाही तेच बरं पडेल.

खाणींची ताजी स्थिती लक्षात ठेवा. ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीज (खाणींचे भाडेकरार) रद्द झाली आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबलं. त्या काळात लिहिलेली "रस्ते रिकामे, मस्त ड्राइव्ह" छापाची वर्णनं आता जुनी झाली. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीकडं काम परत सुरू झालं. टिपर रांगेनं येतात. रांगेच्या मध्ये शिरू नका. एक टिपर गेला की लगेच ओव्हरटेक करण्यापेक्षा चहाला थांबा, रांग संपू द्या. सकाळी लवकर निघून दहाच्या आत पोचलात तर निम्मा त्रास वाचतो.

रात्री गाडी उभी करताना दोन जागा टाळा. एक, डंपचा पायथा. एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो, तोच हा डंप. वरून गवत उगवून टेकडीसारखा दिसला तरी आतून सैल असतो. दोन, जेटीजवळचा, म्हणजे खनिज बोटींवर चढवायच्या धक्क्याजवळचा, जुना प्लॉट. मोकळा, सपाट, मोहात पाडणारा. पण जमीन कंपनीची असते आणि खनिजाची बारीक भुकटी वाऱ्यानं थेट आत येते. त्यापेक्षा देवळाच्या समितीला नाहीतर घरगुती लॉजवाल्याला विचारून अंगणात जागा घ्या. पैसे द्या, नळ आणि प्लग मिळतो.

साखळीच्या तळावरून हरवळ्याची लेणी बघा. जांभ्यात कोरलेली, आत शिवलिंगं, आणि गाडी जवळपर्यंत जाते. धबधब्याला पायऱ्या आहेत, जानेवारीत पाणी कमी असतं, सासूबाईंनी वरून बघितला तरी चालेल. नार्व्याचं सप्तकोटेश्वर देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये परत बांधायला लावलेलं. तिथली गल्ली मात्र छोट्या गाडीसाठीच.

खोर्जुवे_बुरूज

किल्ल्यांचं सांगतो, गाडीच्या हिशोबानं.

तेरेखोल: सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. केरीहून फेरी आहे, पण गाडी केरीलाच ठेवा आणि तुम्ही पायी चढा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. गाडी न नेण्याचं कारण रॅम्प. ओहोटीला फेरीचा रॅम्प खाली झुकतो, पुढची चाकं बोटीवर आणि मागची धक्क्याच्या उतारावर अशी गाडी आली की शेपूट जमिनीला लागतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडं लोंबणारा सांडपाण्याचा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी तुटतो. गाडी न्यायचीच असेल तर भरतीच्या वेळी, टाक्या रिकाम्या करून, तिरकं न जाता सरळ. नाहीतर आरोंदा-रेडीवरून रस्त्यानं वळसा घाला. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीचे सत्याग्रही इथंच शिरले होते, पुढच्या वर्षी याच दिवशी हिरवे गुरुजी इथं गोळीला बळी पडले. किल्ला लहान आहे, तास-दीड तास पुरे.

हळर्ण: शापोरा नदीच्या काठावरचा. हाही १७४६ च्याच मोहिमेत गेला आणि जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला "मार्केस द अलोर्ना" (अलोर्ना म्हणजे हळर्ण) ही पदवी मिळाली. शेवटचा रस्ता गावातून, आरसे मिटून जावं लागतं. बाहेर उभी करून चालत जा.

खोर्जुवे तुमच्या यादीत नाही, घाला. १७०५ चा, जांभ्याचा, चौकोनी, चार बुरुजांचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सपाटीवर. हळदोण्याहून केबलच्या पुलावरून पलीकडं गेलात की आलाच. दुखऱ्या गुडघ्यांना गोव्यातला सगळ्यात सोयीचा किल्ला म्हणायला हरकत नाही. पुरुषाचा वेश करून सैन्यात राहिलेली उर्सुला इ लांकास्त्रे इथं होती. शापोऱ्याच्या किल्ल्याला सासूबाईंना नेऊ नका. चढावर सुट्या जांभ्याचे खडे पायाखाली गोट्यांसारखे सरकतात.

नाणूस, वाळपईजवळ. दिपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ ला बंड करून घेतलेला किल्ला. इतिहास मोठा, बघायला उरलंय थोडं. साखळीहून अर्धा दिवस हाताशी असेल तरच.

बारा_व्होल्ट

विजेचं गणित कोणी करत नाही म्हणून करतो. निवांत सहलीत बॅटरी उपाशी राहते. कारण सोपं: दिवसाला ४०-५० किलोमीटर म्हणजे इंजिन जेमतेम दीड तास चालणार. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना इंजिनावरून बॅटरी भरणारा) असेल तर त्यातून ४५ अँपिअर-तास मिळतात, म्हणजे अर्ध्या युनिटच्या वर थोडं.

खर्च: कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा युनिट, दोन पंखे रात्रभर अर्धा युनिट, दिवे-फोन-पंप पाव युनिट. एकूण सव्वा. तुमच्या बॅटरीत अडीच युनिट, त्यातलं दोन वापरायचं. सोलर उन्हात एक युनिट देईल, पण झाडाखाली उभे राहिलात तर जवळपास शून्य. सावली हवी की वीज, हे रोज ठरवावं लागेल. एसी बॅटरीवर विसरा. तो तासाला एक युनिटच्या आसपास खातो. अंगणात प्लग मिळाला तर १६ अँपिअरचाच घ्या आणि अर्थिंग टेस्टर लावून बघा. जुन्या घरांत अर्थिंगची वायर नुसती सॉकेटपर्यंत येऊन लोंबत असते, आणि गाडीचा पत्रा धक्का देतो.

आता धूळ. टिपरांच्या मागे असताना छतावरचा एग्झॉस्ट पंखा बंद. तो आतली हवा बाहेर फेकतो, आत दाब कमी होतो आणि लाल धूळ दाराच्या रबरामधून, फ्रिजच्या जाळीतून, सिंकच्या नळीतूनसुद्धा आत ओढली जाते. सिंकला बूच लावा. शॉवरच्या जाळीवर ओलं फडकं. पॅनल सकाळी, तापायच्या आधी, ओल्या कापडानं पुसा. कोरड्यानं घासलं तर काचेवर ओरखडे येतात, खनिजाची भुकटी आहे ती. एअर फिल्टर तिसऱ्या दिवशी काढून झटका.

गॅस: ५ किलोचा सिलिंडर सहा दिवसांना भरपूर. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळं कपाटाला भोक तळाशी हवं. वर भोक ठेवून खाली बंद केलेली कपाटं बघायला मिळतात, ती धोक्याची. आणि स्वयंपाक गाडीच्या आतच. पर्यटन स्थळांवर उघड्यावर शिजवायला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड होता, २०२५ मध्ये तो वाढवलाय.

म्हापशाची_वाट

सगळ्यांचे आभार. चार तळांचं पटलं, खोर्जुवे घातलं. दोन प्रश्न उरले. सासूबाईंचा मुलगा (म्हणजे नवरा!) म्हणतो, खाणीच्या पिटात साचलेलं निळं पाणी दिसतं तिथं उतरून अंघोळ करता येईल, टाकीतलं पाणी वाचेल. आणि सावर्ड्याहून काब द रामला बेतूलवरून जावं की काणकोणातून?

लाल_टिपर

अंघोळीचं नाव काढू नका. पिटाला काठ नसतो. खाण बेंच, म्हणजे मोठ्या पायऱ्या, कापत खाली गेलेली असते, एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं दोन पुरुष खोल. काठावर चिकणमाती, बाहेर येताना हात ठरत नाही. शिवाय लीजच्या हद्दीत शिरणं हा वेगळा गुन्हा.

चौघांना ९० लिटर, अर्ध्या बादलीची अंघोळ धरून दोन दिवस. तळावर नळ आहेच. कॅसेट टॉयलेट (गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी) दोन-तीन दिवसांत भरतं, ते संडासातच रिकामं करा. ओढ्यात, कुशावती नदीत अजिबात नाही.

सावर्ड्याला धारबांदोड्याहून किर्लपाल-दाभाळमार्गे या, टिपरांचाच रस्ता. इथं खनिज का गोळा व्हायचं ते पुलावर उभं राहिलं की कळतं: एका बाजूला मुरगावला जाणारी १८८० च्या दशकातली रेल्वे, खाली बार्जना (खनिजाच्या सपाट बोटींना) पुरेल एवढं नदीचं पाणी.

खोर्जुवे_बुरूज

बेतूल-कानागिणी रस्ता देखणा, पण आंधळी वळणं आणि उभा चढ. ७ मीटरच्या गाडीनं काणकोणातूनच जा.

लाल_टिपर

काणकोणाच्या वाटेवरचा करमल घाटही काही राजमार्ग नाही हो. वळणावर समोरून ट्रेलर आला तर दोघांपैकी एकानं थांबावंच लागतं.

खोर्जुवे_बुरूज

कबूल. पण ट्रेलरचा ड्रायव्हर थांबतो, बेतूलच्या वळणावर भाड्याची थार थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नको; भरलेल्या टाक्यांचं वजन मागं असतं, ब्रेक तापून पॅडल खोल जातं. काब द राम १७६३ मध्ये सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगिजांकडं गेला, पुढं तिथं तुरुंगही होता. आत सांत आंतोनियोची कपेल (छोटं चर्च). गाडी दारापासून जवळ उभी राहते, आत चालणं बऱ्यापैकी सपाट.

त्याआधी रिवणजवळची उसगळीमळची कातळचित्रं चुकवू नका, १९९३ मध्ये उजेडात आलेली. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, मोर आणि वर्तुळात वर्तुळ असलेला चक्रव्यूह. कोरीव रेषा उथळ आहेत, दुपारी डोक्यावर ऊन असताना काहीच दिसत नाही. सकाळी साडेआठच्या आत जा. तिरप्या उन्हात प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि बैलाचं वशिंड आपोआप उठून येतं. खडूनं रेघा ठळक करू नका, चप्पल काढून चाला. आत कच्चा रस्ता आहे, गाडी डांबरावर ठेवा आणि सासूबाईंसाठी रिक्षा कुडचड्याहूनच ठरवून आणा, तिथं मिळणार नाही.