मदत हवी आहे: उद्या ११ वाजता कुत्र्याला ग्रूमरकडे न्यायचंय, तिथे नक्की काय करतात?

सुदामानगरकर (सोमवार, संध्या. ७:४२)
नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ११ ची वेळ घेतली आहे, इथे इंदुरातच विजयनगरला, कुत्र्याची आंघोळ, केस, नखं करणाऱ्या ग्रूमरकडे. आमच्या घरातून कोणी कधी कुत्र्याला असल्या ठिकाणी नेलेलं नाही. किती वेळ लागतो? आपण थांबायचं की सोडून यायचं? उपाशी न्यायचं का? चावला तर? फोनवर विचारलं तर 'अंकलजी, ले आइए, सब हो जाएगा' एवढंच. ज्यांनी स्वतः नेलंय त्यांनीच लिहा. कुत्रा पाळावा की नाही यावर मतं नकोत. उत्तर आज रात्रीच हवंय.

जीरावन
कुठला कुत्रा, केवढा, केस कसे? नुसतं 'कुत्रा' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' म्हणण्यासारखं झालं, भिया.

लॅबवाला
एकच सांगतो, केस उतरवू देऊ नका! लॅब, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली लोकर. ऊन त्यानेच अडतं. ग्रूमर म्हणेल 'गर्मी है, उतार देते हैं', ऐकायचं नाही. माझ्या साडूने दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शेफर्डला भादरून आणलं. लोकर परत आली, पण पाठीवर वरचे केस अजून धड नाहीत. कसर लागलेल्या शालीसारखा दिसतो बिचारा.

सुदामानगरकर
लॅब नाही हो. घरातला लहान कुत्रा आहे. केसाळ.

अनघा_रामबाग
केसाळ म्हणजे पॉम, ल्हासा की शित्झू? पॉम असेल तर वरचं लागू. बाकी दोघांचं गणित वेगळं.

सुदामानगरकर
शित्झू. नर. ४ वर्षं. नाव कापूस. आता तरी सांगा.

अनघा_रामबाग (रात्री ८:३५)
काका, आमच्याकडेही शित्झूच आहे, दर सहा आठवड्यांनी नेते. पहिल्यांदा दोन-अडीच तास धरून चाला. आधी लसीचं कार्ड मागतात, रेबीजची तारीख बघतात. मागितलंच नाही तर उलट्या पावली परत या, कारण शेजारच्या टेबलावरच्या कुत्र्याचंही त्यांनी बघितलेलं नसणार. मग टेबलावर उभं करून गळ्यात फास अडकवतात. बघून पोटात गोळा येतो, पण तो उडी मारू नये म्हणून असतो. मात्र त्याला तसंच बांधून कोणी फोन घ्यायला बाहेर गेलं तर तिथेच आवाज चढवा.

विंचरणं, आंघोळ, मग ब्लोअर. खरी रडारड ब्लोअरला. आपल्या मिक्सरचा आवाज कानाशी धरल्यासारखा. शित्झूचं नाक चपटं, धाप पटकन लागते. पिंजऱ्यात कोंडून गरम हवा सोडणारे असतील तर स्पष्ट नाही म्हणा, हातात धरून साध्या हवेवर वाळवायला सांगा. नखं काळी असली की आतली शीर दिसत नाही, एखाद्या वेळी रक्त येतं. पावडर दाबतात, थांबतं. शेपटीखालच्या पिशव्या दाबून रिकाम्या करू का विचारतील. त्रास नसेल तर गरज नाही.

उपाशी नको, तुडुंब पोटानेही नको. निघायच्या आधी शी-शू उरकून घ्या. थांबायचं तर काचेबाहेर बसा, पण त्याला दिसू नका. आमची मला बघितलं की टेबलावरून झेप घेते.

तुकोगंजची_आजी
सगळी नवी थेरं. आमच्या मोतीला अंगणात नळीखाली धरायचो, अंगाच्या साबणाने. बारा वर्षं जगला. खोबरेल तेल चोळा, कसलाही गुंता सुटतो.

लॅबवाला
आजी, मोती गावठी होता, बोटभर केसांचा. आणि माणसाच्या कातडीचा पीएच साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या आसपास. आपला साबण-शाम्पू त्यांना नाही चालत, खाज सुटते.

तुकोगंजची_आजी
मोतीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

जीरावन
काका, गुंता आहे का पण? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

सुदामानगरकर
थोडा. कानामागे, बगलेत, पोटाखाली. वरून छान दिसतो.

सरळसोट
त्यात काय, घरातली कात्री घ्या आणि कापून टाका. पैसे वाचतील.

महूचा_पशुवैद्य (रात्री ९:१०)
कात्री अजिबात नको. जटेबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते, केस समजून आपण कातडी कापतो. टाके घालायला मग माझ्याकडेच येतात. घरी आंघोळही घालू नका. ओली झाली की जट नमद्यासारखी, दाबलेल्या लोकरीसारखी, आवळून बसते. स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत जातो का, बघून सांगा. आणि गोचिडांसाठी काही लावलंय का?

सुदामानगरकर
कंगवा नाही जात. कानामागे तर बोटही जात नाही. सौ. नी कॉर्नफ्लोअर टाकून सोडवायचा प्रयत्न केला, आता तो लाडवासारखा दिसतोय. आणि हो, मानेवर ते थेंब टाकले काल रात्री.

महूचा_पशुवैद्य
फिप्रोनिलचे असतील, नाव वाचून बघा. ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. उद्या धुतलंत तर औषध आणि पैसे दोन्ही गटारात. बुधवारची वेळ घ्या. फ्लुरालेनरची गोळी दिलेली असती तर आंघोळीचा प्रश्न नव्हता, ती पोटातून जाते, १२ आठवडे पुरते.

सुदामानगरकर
बुधवारी चालेल, फक्त शनिवारच्या आत व्हायला हवं. थांबा, नाव बघतो. हो, फिप्रोनिलच.

सरळसोट
न्यायच्या आधी माणसांची ॲलर्जीची गोळी अर्धी द्या. गुंगीत पडून राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे देतात.

महूचा_पशुवैद्य
कृपा करून असलं इथे लिहू नका. चपट्या नाकाच्या कुत्र्याला गुंगी म्हणजे श्वासाशी खेळ. गुंगी द्यायचीच वेळ आली तर वजन करून, तपासून, पशुवैद्यानेच. ग्रूमर देतो म्हणाला तर कुत्रा उचलून चालू पडा. चावरा असेल तर आधी सांगा, मुसकं बांधतात, पण नाक दाबणारं नको, पिंजऱ्यासारखं सैल.

अनघा_रामबाग
काका, शनिवारी काय आहे?

सुदामानगरकर (रात्री १०:०५)
कापूस मुलीचा आहे. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, जानेवारीपासून तो आमच्याकडे. शनिवारी येते आहे. ग्रूमरला मी फोटो पाठवला होता. तो म्हणाला, 'जीरो करना पड़ेगा.' मी वेळ घेतली, पण मुलीला सांगितलेलं नाही. तिच्या मोबाइलवर त्याचाच फोटो आहे, जमिनीला टेकणाऱ्या केसांचा.

जीरावन
घ्या. मूळ प्रश्न आत्ता आला. पहिल्या पोस्टमध्ये 'चावला तर' लिहिलं होतं, कोण चावेल ते नव्हतं लिहिलं.

अनघा_रामबाग
काका, शून्य म्हणाला तर ग्रूमर प्रामाणिक आहे. एवढी जट सोडवायची म्हणजे तासन्‌तास केस ओढणं, कुत्र्याचे हाल. शित्झूचे केस वाढतच राहतात, शेफर्डसारखं ठिगळ नाही राहणार. लांब व्हायला महिने लागतील, तेवढे द्या. पण मुलीला आज फोन करा. विमानतळावर कळायला नको.

तुकोगंजची_आजी
कुत्रा म्हणजे खंडोबाचा सोबती. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, होळकरांचं कुलदैवत. त्याच्या शहरात कुत्र्याला बोडकं करायचं?

लॅबवाला
आजी, खंडोबाच्या कुत्र्याला जटा आल्या तर खंडोबाही सोडवेल.

कचरागाडी_फॅन
एक प्रश्न. उतरवलेले केस घरी दिले तर ओल्यात टाकायचे की सुक्यात? आपल्याकडे कचऱ्याचे सहा कप्पे आहेत, गाडीवाला परत पाठवतो.

जीरावन
इथे माणसाला मुलीची भीती वाटतेय आणि तुम्हाला कप्प्याची.

कचरागाडी_फॅन
इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं ते उगाच नाही. ओल्यात टाका, सडतात.

लॅबवाला
केस सडायला वर्षं लागतात हो. सुक्यात.

सुदामानगरकर (मंगळवार, दुपारी १:२०)
बुधवारची वेळ मिळाली. पण ग्रूमरने लसीचं कार्ड मागितलं, ते मुलीकडे. फोटो पाठव म्हटलं तर लगेच, 'बाबा, कशाला हवंय?' सगळं सांगावं लागलं. मिनिटभर गप्प होती. मग म्हणाली, शेपूट आणि मिशा ठेवायला सांगा, आणि सकाळी ११ नको, ८ ची घ्या, परतताना रस्ता तापतो. गाडीत एसी आधीपासून चालू ठेवा. झालं.

अनघा_रामबाग
अगदी बरोबर सांगितलं तिने. आणि घरी आल्यावर 'अरे बापरे' म्हणून हसू नका. लपून बसतात, खरंच.

सुदामानगरकर (बुधवार, संध्या. ६:१५)
जाऊन आलो. अडीच तास. मुसकं फक्त नखांना लागलं. ब्लोअरला तो रडला, आणि बाहेर बसून आमची सौ.

पोटाखालचा नमदा अख्खा निघाला, चपलेच्या तळव्याएवढा. ग्रूमरने माझ्या हातात ठेवला. आतमध्ये एक कुसळ होतं आणि गुलाबी रंग. रंगपंचमीचा. त्या दिवशी गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला गेलो तेव्हा त्याला गच्चीवर ठेवलं होतं, पोरांनी रंग टाकला असणार. म्हणजे मार्चपासून आम्ही तिथे हात लावलेला नव्हता. वरून रोज विंचरायचो, खोटं नाही सांगत. वरूनच.

अंग गुलाबी दिसतंय, ठिकठिकाणी लाल. शेपूट आणि मिशा आहेत. एकच, आल्यापासून सारखं डोकं झटकतोय. मधमाशी चावल्यासारखा.

महूचा_पशुवैद्य
कानाची जट उतरवली की तिथे दाबलेला रक्तप्रवाह एकदम मोकळा होतो, खाज सुटते, झटकतात. दोन दिवसांत कमी होतं. पण कानाची पाळी चाचपत राहा. जाड, मऊ, पाणी भरलेल्या पुडीसारखी लागली तर आत रक्त साचलंय, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. लाली रात्रीतून वाढली तरी तेच. तेल, हळद, पावडर काही नको. आजी, तुम्हालाच सांगतोय.

तुकोगंजची_आजी
मी काही बोललेच नाही.

अनघा_रामबाग
आठवडाभर फिरवणं सकाळी ६ च्या आत. केस बोटभर झाले की विंचरायला लागा, आणि पाठीवरून नको, कातडीपासून. बट उचलायची, खालून वर.

सुदामानगरकर (गुरुवार, सकाळी ७:५०)
कान पातळ आहेत दोन्ही, झटकणं कमी झालं. रात्री पंख्याखाली नाही झोपला, सौ. च्या जुन्या साडीत झोपला. पुढची वेळ जूनच्या अखेरची घेतली आहे. मुलीने व्हिडिओ कॉलवर बघितलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग पोट दाखवा म्हणाली. दाखवलं.

कचरागाडीवाल्यांना: केस मी घरी आणलेच नाहीत. नमदा तेवढा आणलाय, मुलीला दाखवायला.