स्कायक्रेनला पोटच का नाही?

रोटरवेडा:
कालपासून डोक्यात हेच घोळतंय. सिकॉर्स्की कंपनीचं स्कायक्रेन, ओझं खाली लटकवून नेणारं हेलिकॉप्टर, बघितलं असेल तुम्ही, पुढे छोटी केबिन, वर दोन इंजिनं, मागे नुसता कणा आणि मधलं पोट गायब. बरं उचलतं किती, तर एस-६४एफ मॉडेल ११ टनांच्या आसपास. तिकडे रशियाचं एमआय-२६ पोटात घालून नाहीतर खाली लटकवून २० टन नेतं, शिवाय आत माणसं बसतात, गाड्या मावतात. मग फक्त लटकवायच्या कामासाठी वेगळं हेलिकॉप्टर कशाला? मोठ्या हेलिकॉप्टरला खाली हूक लावला की झालं ना? नीट समजावून सांगा कोणीतरी.

वजनकाटा:
नुसते टन नको बघू, त्याचं स्वतःचं वजन बघ. एमआय-२६ रिकामंच २८ टन भरतं, म्हणजे २० टन न्यायला आधी ते २८ टन हवेत धरायचे. स्कायक्रेनचं ई मॉडेल रिकामं पावणेनऊ टन आणि उचलतं ९ टन. माझं सगळ्यात लाडकं मात्र कामन कंपनीचं के-मॅक्स हेलिकॉप्टर, रिकामं २.३ टन आणि हूकला २.७ टन!! एकच सीट, एकच इंजिन, दोन रोटर म्हणजे वरचे मोठे पंखे, तिरके बसवलेले, एकमेकांच्या मधून उलट्या दिशांना फिरतात पण आपटत नाहीत, हेलिकॉप्टरला गरगर फिरवणारा एकमेकांचा जोर कापतात, त्यामुळे शेपटीला पंखा लागतच नाही. साध्या हेलिकॉप्टरमध्ये एका जागी तरंगताना तो शेपटीचा पंखा इंजिनाची बरीच ताकद खातो, इथे सगळी उचलण्यात जाते. पुढे-मागे दोन रोटर असलेल्या चिनूक हेलिकॉप्टरलाही हाच फायदा मिळतो. अर्थात एकच तुकडा १५ टनांचा असेल तर एमआय-२६ला पर्याय नाही, २००८ च्या चीनमधल्या वेनचुआन भूकंपानंतर दरड कोसळून तयार झालेल्या तलावावर त्यानेच एक्सकॅव्हेटर नेऊन ठेवले होते.

जमिनीवरचा:
वरचं सगळं बरोबर आहे, पण मी काही वर्षं खाली उभं राहून हूक लावायचं काम केलंय आणि माझ्या मते खरा मुद्दा नजरेचा आहे. पायलटला ओझं दिसलं पाहिजे. स्कायक्रेनमध्ये तिसरी सीट मागे तोंड करून असते, तिथला पायलट ओझ्याकडे बघत स्वतः हेलिकॉप्टर हलवू शकतो. १९७५ मध्ये टोरांटोच्या सीएन टॉवरच्या टोकावर अँटेनाचे तुकडे याच जातीच्या हेलिकॉप्टरने बसवले, ५५३ मीटर उंचीपर्यंत, तिथे बोल्टची भोकं जुळवायची असतात, अंदाजाने कसं जमणार? के-मॅक्सच्या खिडक्या बाहेर फुगलेल्या असतात त्या पण डोकं बाहेर काढून सरळ खाली बघता यावं म्हणूनच.

खालून कसं असतं सांगतो. वाऱ्याने खडे गालावर आपटतात, आवाजात शेजारच्याचं काही ऐकू येत नाही, आणि हूक खाली आला की हात लावायचा नाही म्हणजे नाहीच, कारण पंखे फिरून फिरून हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठलेली असते. आधी अर्थिंगचा दांडा टेकवायचा. मी एकदाच विसरलो, झटका खांद्यापर्यंत गेला आणि मी मागे मातीत बसलो.

रोटरवेडा:
बापरे, काळजी घ्या दादा. अजून एक, एवढं लांब दोराला लटकलेलं हेलकावे खायला लागलं तर थांबवतात कसं?

जमिनीवरचा:
३० मीटर दोर असेल तर एक पूर्ण झोका साधारण ११ सेकंदांचा, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. नवा माणूस घाबरून उलट्या बाजूला खेचतो आणि झोका वाढतो. ओझं जिकडे चाललंय तिकडेच जायचं, ते टोकाला पोचेल तेव्हा आपण बरोब्बर त्याच्या डोक्यावर, की दोर उभा झाला आणि झोका मेला. नाहीच ऐकलं आणि जीवावर आलं तर बटण दाबून ओझं सोडून द्यायचं, आणि म्हणूनच ओझ्याखाली कोणी उभं राहायचं नाही, फोटो काढायला पण नाही.