रॉकेलचाही विचार करा
दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या ब्रिटिश शोधक स्कॉटचा घात फक्त हवामानाने केला, असं म्हटलं जातं. हवामान भयंकर होतंच, पण रॉकेलचं काय? परतीच्या वाटेवर आधी ठेवलेल्या साठ्यांतले डबे उघडावेत, तर रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी! झाकणाखालच्या चामड्याच्या चकत्या थंडीत निकामी होऊन ते उडून जात होतं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे प्यायला पाणीही नाही. त्याचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी अमुंडसेन याने डबे डाख देऊन पक्के बंद केले होते. साठा चुकू नये म्हणून वाटेला आडवी, दोन्ही बाजूंना लांबवर निशाणांची रांगही रोवली होती. १९११च्या डिसेंबरात तो ध्रुवावर पोचला त्यामागे ही तयारी होती, नुसती स्लेज ओढणारी कुत्री नव्हेत. स्कॉट आणि त्याचे साथीदार विल्सन व बॉवर्स मोठ्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर मरण पावले. तो साठा ठरल्याप्रमाणे आणखी दक्षिणेला, ८० अंश दक्षिण अक्षांशावर असता तर त्यांना वाटेतच लागला असता.