मोरचूद मारूनही हिरव्या सुपाऱ्या गळतात (वाळपई)

वेळूसकाठ: गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ डोंगराच्या पायथ्याला कुळागर (सुपारीची मिश्र बाग) आहे. पोफळी तीनशेच्या आसपास, त्यांवर मिरी, मध्ये केळी आणि जायफळ. जुलै लागला की हिरव्या सुपाऱ्या पडायला लागतात, ऑगस्टात काही घड निम्मे रिकामे होतात. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस बोर्डो (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) एकदाच मारले. 100 लिटरला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना अंदाजाने, कालवले पत्र्याच्या पिंपात. उरलेले दुसऱ्या दिवशी संपवले. यंदा मोरचूद दीड किलो करावे का?

पाटकरी: आधी पडलेली सुपारी हातात घेऊन बघा. देठाकडची टोपी झाडावरच राहिली असेल, त्या जागी पाण्याने भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग असेल आणि दोन-तीन दिवसांत सुपारीवर पांढरी बुरशी कापसासारखी चढत असेल, तर तो कोळेरोगच, म्हणजे पावसाळ्यात बुरशीने होणारी फळगळ. कोवळ्या सुपारीवर सुईने टोचल्यासारखा काळा ठिपका दिसला तर ते ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीचे काम. त्याला मोरचूद मारून काही होणार नाही.

कोळेरोग असेल तर दीड किलोची गरज नाही, 1 टक्का (100 लिटरला 1 किलो) पुरतो. चुकली ती वेळ. हे औषध रोग बरा करत नाही, बुरशीला आत शिरू देत नाही, एवढेच. जूनच्या अखेरीपर्यंत सत्तरीत घड तीन आठवडे भिजलेले असतात. पहिली फवारणी पाऊस धरण्याआधी, मेच्या शेवटी. दुसरी त्यानंतर 40 ते 45 दिवसांनी, उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरी.

कुळागरी: वेळेइतकाच घोळ चुन्यात आहे. कृती सांगतो.

1 किलो मोरचूद फडक्यात सैल बांधा आणि 50 लिटर पाण्यात वरच्या अंगाला, जेमतेम बुडेल अशी पुरचुंडी रात्रभर टांगा. निळे पाणी धाग्यांसारखे आपोआप खाली उतरत जाते, ढवळावे लागत नाही. तळाशी टाकलात तर सकाळी खडे तसेच मिळतील. दुसऱ्या प्लास्टिकच्या पिंपात 1 किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा, मग पाणी 50 लिटर करून गाळा. आता मोरचुदाचे पाणी चुन्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. उलटे कराल तर कण जाड होतात, लवकर बसतात, नोझल तुंबतो.

मग घासून चकचकीत केलेली कोयती मिनिटभर बुडवा. पात्यावर विटकरी थर आला म्हणजे तांबे मोकळे आहे. असे पाणी कोवळे घड जाळते. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. पत्र्याच्या पिंपातही हेच होते: तांबे पत्र्यावर बसते आणि औषधाची ताकद जाते. कालवलेले त्याच दिवशी संपवायचे, शिळे झाले की घडाला चिकटत नाही.

वेळूसकाठ: चुना दोन वर्षांपूर्वीच्या उघड्या गोणीतला होता. चालतो?

कुळागरी: नाही हो. हवेने मरतो तो. वजन किलोभर भरते, पण मोरचुदाची आम्लता मारण्याइतका जोर उरत नाही. पाणी घातल्यावर खदखदला नाही तर भिंतीला लावा.

पाटकरी: आणखी थोडे. पडलेल्या सुपाऱ्या आणि झाडावर वाळलेले घड गोळा करून जाळा. ते तसेच राहिले तर पुढच्या पावसात रोगाचे बी तिथूनच. पाट मेमध्येच उपसा. पायथ्याच्या कुळागरात ऊन तसेही उशिरा पोचते, त्यात फणसाची फांदी आडवी असेल तर घड दिवसभर ओलेच. ती छाटा. थोडीच झाडे असतील तर घडाला प्लास्टिकची पिशवी बांधणे उत्तम, खालचे तोंड उघडे ठेवून. तीनशे झाडांना मात्र मजुरीच झेपणार नाही.

डोंगरपायथा: चढणारा पाडेली मिळत नाही म्हणून हल्ली कार्बन फायबरच्या लांब दांडीने जमिनीवरूनच फवारतात. काम चांगले होते, पण त्या दांडीतून वीज वाहते. कुळागरावरून तार गेली असेल तर त्या ओळींना दांडी लावूच नका. फवारा घडावर आणि शेंड्याच्या बेचक्यात, दोन्हीकडे जायला हवा. तिथेही हीच बुरशी शिरली तर झाडच जाते.

मिरीवरही हेच 1 टक्का चालते. मर रोगाची बुरशी याच कुळातली, म्हणून वेल सोडू नका. पिंपे मात्र ओहळात धुऊ नका, तांब्याने मासे मरतात.

वेळूसकाठ: पिंप बदलतो, चुना ताजा आणतो. पाट उपसायला आजपासूनच घेतो.

पाटकरी: घ्या. आणि पहिली फवारणी सकाळी, दव सुकल्यावर. संध्याकाळी मारून रात्री सर आली तर सगळे जमिनीत.