मॅच दूरदर्शनवर, मग आपल्या केबलवर का नाही? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-४०२: काल इंडियाची वनडे होती म्हणून डीडी स्पोर्ट्स लावलं, तर भलताच कार्यक्रम चालू. खाली पट्टी फिरत होती की मॅच फक्त डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएचवर. आम्ही स्पोर्ट्सचा पॅक घेतलेला नाही. सरकारी चॅनेल ना? मग का दिसू नये?

बी-१०१: काकू, केबलवाल्याला बोलून उपयोग नाही, नियमच तसा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण, जाहिराती काढून, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. जाहिरातींचं उत्पन्न वाटून घ्यायचं, टीव्हीसाठी त्यातला किमान ७५ टक्के वाटा सामन्यांचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला. भारतीय पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. पूर्वी तेच चित्रण डीडीच्या चॅनेलबरोबर केबल आणि खासगी डीटीएचवरही दिसायचं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. आता साध्या अँटेनासाठीचे डीडीचे टॉवर आणि फ्री डिश, एवढंच. त्यातले टॉवर बहुतेक ठिकाणी बंदच झालेत.

सी-३०३: पण कोर्टाचं चुकलं कुठे? २०२३ ते २०२८ च्या भारतातल्या सामन्यांच्या हक्कांसाठी कंपनीने ५,९६३ कोटी मोजलेत. तीच मॅच केबलवर फुकट दिसली तर पुढच्या वेळी बोली कोण लावणार? रणजीच्या पोरांचं मानधनही याच पैशातून जातं.

बी-१०१: दादा, म्हणून तर आयपीएलबद्दल मी चकार शब्द काढत नाही. ती लीग आहे, ज्याला बघायचीय त्याने पैसे भरावेत. पण देशाच्या नावाने खेळणाऱ्या संघाची गोष्ट वेगळी. हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाच्या भांडणात १९९५ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल दूरदर्शनच्या मक्तेदारीविरुद्ध होता हेही खरं, पण म्हणून ती मालमत्ता नुसती एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जायची नाही. आणि केबलचे पैसे आपण दर महिन्याला भरतोच की! फ्री डिशवाल्याला जे मिळतं ते आपल्याला का नको?

ए-४०२: अगदी बरोबर. कायदा बदलायचा तेव्हा बदलेल, तोवर काय करायचं?

बी-१०१: फ्री डिशच बसवू. एकदा डिश आणि बॉक्सचे पैसे, महिन्याचं भाडं नाही. वॉचमनकाका मोबाईलचा डेटा जाळून स्कोअर बघतात, त्यांच्या केबिनमधल्या जुन्या टीव्हीलाच जोडू.

डी-२०४: बी विंगच्या गच्चीवर जमणार नाही. डिशचं तोंड आग्नेयेला करावं लागतं आणि तिथे नेमकी पाण्याची टाकी आडवी येते. ए विंगवर मोकळं आहे, वायर डक्टमधून खाली सोडता येईल.

सेक्रेटरी: ए विंगच्या वरच्या मजल्याची हरकत नसेल तर कमिटीत विषय घेतो. खर्चाचा अंदाज कोणीतरी दुकानात विचारून ग्रुपवर टाका.

ए-४०२: आमची हरकत नाही. मी उद्याच विचारून येते.