वाचन गटासाठी ‘फेक डेटिंग’ची एखादी चांगली कादंबरी सुचवा (नागपूर)

लक्ष्मीनगरची वाचक
नमस्कार. आमच्या वाचन गटात पंचविशीपासून साठीपर्यंतच्या बायका आहेत आणि पुढच्या महिन्यासाठी एक समकालीन इंग्रजी प्रेमकादंबरी घ्यायचे ठरले आहे. दोघे काही कारणाने प्रेमात असल्याचे नाटक करतात आणि ते नाटक हळूहळू खरे होते, अशी गोष्ट सर्वांना हवी आहे. नाटक करण्याचे कारण दोन्ही बाजूंनी पटले पाहिजे, शृंगाराची सविस्तर वर्णने नकोत, कारण आम्ही निवडक भाग मोठ्याने वाचतो, आणि एका प्रतीची किंमत चारशे रुपयांच्या आत असावी. कृपया सुचवा.

धरमपेठचा पुस्तकप्रेमी
अली हेझलवूड यांची २०२१ची ‘द लव्ह हायपोथिसिस’ डोळे मिटून घ्या. संशोधन करणाऱ्या ऑलिव्हला आपल्या मैत्रिणीला पटवून द्यायचे असते की जुन्या मित्रात तिचे मन आता गुंतलेले नाही, आणि प्राध्यापक असलेल्या अ‍ॅडमला विद्यापीठाला दाखवायचे असते की तो नोकरी सोडून जाणार नाही, म्हणजे त्याचा अडवलेला निधी मोकळा होईल. दोघांनाही नाटकाची तितकीच गरज आहे, आणि या प्रकारातील कादंबरी त्यावरच उभी राहते किंवा कोसळते. मी ती बाजारात आली तेव्हाच घेतली होती. तिची चर्चा आपल्याकडे पुष्कळ नंतर सुरू झाली.

मानेवाडा_वाचनकट्टा
वरच्या सूचनेत ताईंची दुसरी अट वाचलेलीच दिसत नाही. त्या कादंबरीचे सोळावे प्रकरण साठीच्या बायकांसमोर मोठ्याने कोण वाचणार? त्यापेक्षा जेनी हान यांची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ (२०१४) घ्या. नायिकेने लपवून ठेवलेली प्रेमपत्रे टपालाने रवाना होतात, त्यातले एक थोरल्या बहिणीच्या माजी प्रियकराच्या हाती पडते, आणि त्याला टाळण्यासाठी ती दुसऱ्या मुलाशी जोडी जमल्याचे भासवते. त्या मुलालाही आपल्या आधीच्या मैत्रिणीला जळवायचे असते. आई नसलेल्या घरातील तीन बहिणींचे नाते तर प्रेमकथेपेक्षाही सुंदर आहे. मात्र तिन्ही भागांचा संच एकदमच घ्या, एका भागावर थांबणे शक्य होत नाही. माझा संच पेटीसह आहे आणि अजूनही नवा दिसतो.

लक्ष्मीनगरची वाचक
मनापासून आभार, पण तीन भागांचा संच चारशे रुपयांत बसत नाही आणि आम्हाला एकच पुस्तक घ्यायचे आहे.

महालातील जुना वाचक
या कल्पनेसाठी इंग्रजीकडे जाण्याची गरजच काय? १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याची खोली मिळावी म्हणून पुरुषच बायका होऊन संसार थाटतात. खोट्या जोडप्याची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही.

धरमपेठचा पुस्तकप्रेमी
काका, चित्रपट आम्हा सर्वांना प्रिय आहे, परंतु हा प्रकार तो नव्हे. तिथे घरमालकीण फसते आणि बायका झालेल्यांचे प्रेम जडते ते तिसऱ्याच कोणावर. ‘फेक डेटिंग’मध्ये नाटक करणारे दोघेच एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि समोरच्याचे वागणे नाटकातले आहे की मनातले, हे दोघांनाही कळत नाही. सगळा ताण त्या न कळण्यात असतो.

महालातील जुना वाचक
खोटे बोलून मिळवलेले छप्पर टिकवताना जी धडपड होते, तीच या कादंबऱ्यांतही असते, यावर मी ठाम आहे.

त्रिमूर्तीनगर_प्रकाश
कोणतेही पुस्तक घ्या, पण पदपथावरून घेऊ नका. मला बर्डीवर अशाच एका गाजलेल्या प्रेमकथेची निम्म्या किमतीची प्रत मिळाली. तिची छपाई जागोजागी पुसट होती आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणाची पाने दोनदा बांधली गेल्यामुळे शेवटचे प्रकरणच नव्हते. दोघे एकमेकांना खरे सांगतात तेच पान गायब असेल, तर अशा कादंबरीत उरते काय? घेण्यापूर्वी दुकानातच शेवटची पाने उलटून पाहा आणि कागदाच्या पलीकडची अक्षरे दिसतात का, तेही तपासा.

प्रतापनगरची मावशी
माझे मत ‘द डेटिंग प्लॅन’ला. सारा देसाई यांची ही कादंबरी २०२१ची आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील डेझी पटेल या सॉफ्टवेअर अभियंतीला लग्न जुळवायला टपलेल्या नातेवाइकांपासून सुटका हवी असते, आणि लियामला वारशात मिळणारी मद्यनिर्मितीशाळा हातात येण्यासाठी लग्न करणे भाग असते. काकू-मावश्यांची फौज वाचताना आपल्याकडचे हळदीकुंकू आठवते. माझ्या सुनेला मी हीच भेट दिली आणि तिने एका बैठकीत संपवली.

मानेवाडा_वाचनकट्टा
मावशी, शृंगार त्यातही आहे.

प्रतापनगरची मावशी
आहे, आणि तेवढी पाने उलटून पुढे जाता येते. साठीच्या बायकांना काही ठाऊक नसते, अशी समजूत करून घेऊ नये.

गोकुळपेठ_रसिक
मीसुद्धा ‘द डेटिंग प्लॅन’च म्हणेन. भारतीय घर असल्याने चर्चेला विषय आपोआप मिळतो. किंमत चारशेच्या वर गेली तर गटात वर्गणी काढावी, त्यात संकोच कशाला?

लक्ष्मीनगरची वाचक
सर्वांचे आभार. ‘द डेटिंग प्लॅन’कडे बहुतेकांचा कल दिसतो, तरीही आम्ही वेगळी कादंबरी निवडली आहे: अदिबा जयगीरदार यांची ‘हनी अँड इशूज गाइड टू फेक डेटिंग’ (२०२१). डब्लिनमधील शाळेत शिकणाऱ्या दोन बंगाली मुलींची ही गोष्ट आहे. एकीचे घर मूळचे बांगलादेशातले, दुसरीचे भारतातले. मुलगे आणि मुली दोघेही आपल्याला आवडतात, असे हनी मैत्रिणींना सांगते, तेव्हा आजवर मुलांबरोबरच फिरल्यामुळे तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ती पटकन इशूचे नाव घेऊन मोकळी होते. अभ्यासू, फटकळ आणि कोणालाच न आवडणाऱ्या इशूला शाळेची मुख्य विद्यार्थिनी व्हायचे असते. त्यासाठी लोकप्रियता लागते आणि ती हनीकडे असते.

कोणीही न सुचवलेली कादंबरी का, असे विचाराल. लग्नाचा तगादा आणि वारसा या कारणांवर आमच्या बायका तासभर बोलल्या असत्या, पण ते बोलणे आम्ही प्रत्येक भेटीत करतोच. इथे मुलीने स्वतःबद्दल सांगितलेले खरे कोणी मानत नाही, म्हणून तिला खोट्याचा पुरावा उभा करावा लागतो. नाटकाचे इतके पटणारे कारण मला दुसऱ्या कोणत्याही सूचनेत दिसले नाही. शिवाय सविस्तर शृंगार नाही, त्यामुळे कोणतेही पान मोठ्याने वाचता येईल. गटातील सर्वांत वयस्क काकूंना विषय आधीच सांगितला, तेव्हा पहिली दोन प्रकरणे आपणच वाचून दाखवू, असे त्या म्हणाल्या.

प्रतापनगरची मावशी
निवड तुमची, पण ‘द डेटिंग प्लॅन’ वाचल्याशिवाय राहू नका. माझी प्रत न्यायला कधीही या.

त्रिमूर्तीनगर_प्रकाश
नवी प्रत आली की शेवटचे प्रकरण आहे ना, ते आधी पाहून घ्या.