विषय: यांचे पाय जड पडतात, पाठीतलं इंजेक्शन कुणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी,
चार महिने झाले, चाललं की यांचे पाय जड पडतात. गणपतीत आरतीला उभं राहवलं नाही. परवा डाव्या पायातली चप्पल दारातच राहिली आणि हे तसेच गाडीपर्यंत गेले, कळलंच नाही! कमरेच्या एमआरआयमध्ये चकती सरकलेली आलीय. गुरुवारी पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. लघवीलाही वेळ लागतो, पण वय ६३, जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणतात प्रोस्टेट असेल. कुणाला अनुभव?

---

पुन्हा: यांचे पाय जड पडतात

काकू,
चपलेचं वाचलं आणि राहवेना. माझ्या बाबांचं अगदी असंच झालं होतं. चकती त्यांच्याही फोटोत होती, या वयात ती बऱ्याच जणांच्या फोटोत निघते. स्टिरॉइड दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून उठता येईना. या आजारात स्टिरॉइडने असं होऊ शकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यांना ड्यूरल फिस्टुला होता. मज्जारज्जूच्या आवरणात धमनीचं रक्त थेट शिरेत शिरतं, शिरेतला दाब वाढतो, मज्जारज्जूतल्या रक्ताला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो सुजतो. आजार विरळा, पण होतो तो बहुतेक पन्नाशी-साठीतल्या पुरुषांनाच.

गुरुवारच्या आधी जीपींना चपलेचं आणि लघवीचं एका दमात सांगा, आणि 'छातीच्या भागासकट पूर्ण मणक्याचा एमआरआय करा' म्हणा. कमरेच्या फोटोत मज्जारज्जूचं जेमतेम टोक येतं. बाबांच्या फोटोत आत पांढरी सूज होती आणि पाठीमागे अळ्या सरपटाव्यात तशा काळ्या वळवळत्या रेघा. मग जांघेतून नळी घालून एकेक धमनी तपासली, तेव्हा जागा सापडली.

पूर्वी मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या शिराच सोलून काढत. दोष आवरणात आहे हे १९७७ मध्ये आपल्या लंडनच्याच केंडल आणि लोग या डॉक्टरांनी दाखवलं. आता धमनीचं रक्त जिच्यात शिरतं ती एक शीर बंद केली की पुरतं. काहींना नळीतूनच गोंद भरतात. बाबांच्या बाबतीत दोषाला रक्त देणाऱ्या धमनीच्या फाट्यावरूनच मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी निघत होती, गोंदाने तीही बंद झाली असती, म्हणून शस्त्रक्रिया केली. आज ते काठी घेऊन चालतात. लघवीचा त्रास मात्र राहिला, आमचे सात महिने वाया गेले ना.

लघवी अडली किंवा पाय एकदम गळाले, तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

---

पुन्हा: पुन्हा: यांचे पाय जड पडतात

अगं, तुझी मेल जीपींना वाचूनच दाखवली. इंजेक्शन थांबवलंय, पूर्ण मणक्याचा एमआरआय सोमवारी. जुन्या फोटोची सीडी मागून घेतलीय. सोमवारी बाबांना घेऊन येशील का? यांना त्यांच्याशी बोलायचंय.